भूगोलात पीएच.डी. करायला पुण्यात येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या याद्या लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. करमाळा, परांडा, जामखेड, भूम, कुठकुठची मुलंमुली असतात. "ताई, एकच विचारायचं होतं," म्हणतात आणि पाऊण तास बोलतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

मी करमाळा तालुक्यातली, उजनीच्या काठावरची. पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू आहे. पुण्याने वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या धरणात येतं. मी त्या पाण्याच्या उलट दिशेने, वर आले. त्यामुळे खोलीपासून विषयापर्यंत सगळ्यात पाणी आधी बघायची खोड आहे. ती खालच्या उत्तरांतही दिसेल.

यादीत नाव आलंय. सामान घेऊन येऊ का?

थांबा. नाव लागणं आणि प्रवेश पक्का होणं यात बरंच अंतर आहे. आधी नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा), मग मुलाखत, मग संशोधन केंद्र, मग गाइड, मग विषयाला मान्यता, असा रस्ता आहे. २०२४ पासून जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसलेल्यांनाही नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. त्यात नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं आणि ते गुण वर्षभरच चालतात. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लोक फसतात ते केंद्रापाशी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात प्रवेश म्हणजे गणेशखिंडीच्या आवारातल्या विभागात प्रवेश, असं आपण धरून चालतो. पण विद्यापीठाचा कारभार पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतही आहे, आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं कॉलेजांतही असतात. माझ्या ओळखीच्या एकाने औंधला डिपॉझिट भरून खोली घेतली आणि केंद्र मिळालं थेट दुसऱ्या जिल्ह्यात. डिपॉझिटातले दोन महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच. आधी केंद्र, मग गाइड, मग खोली. हा क्रम मोडू नका.

गाइड कसे निवडायचे? निवडायला मिळतात का तरी?

थोडंफार मिळतं. जागा मोजक्या असतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. त्यातल्या किती जागा रिकाम्या आहेत हे आधी विचारून घ्या.

सरांना किंवा मॅडमना पहिल्या भेटीत 'तुम्ही सांगाल तो विषय घेईन' असं म्हणू नका. नम्रपणा म्हणून आपण बोलतो, पण समोरचा त्याचा अर्थ 'हिने काही वाचलेलं नाही' असाच काढतो. एक पानभर लिहून न्या: कोणता भाग, कोणता प्रश्न, माहिती कुठून मिळेल. आणि आधीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारा की लिहिलेलं प्रकरण सर किती दिवसांत वाचून परत देतात. गाइडबद्दल एवढी एक गोष्ट कळली तरी पुष्कळ. मोठं नाव असलेले सर तुमचा मसुदा सहा महिने दप्तरात घेऊन फिरणार असतील तर त्या नावाचा तुम्हाला काय उपयोग?

यायचं कधी?

पहिल्यांदा आठवडाभरासाठी, एका बॅगेवर या. जून-जुलैत इंजिनिअरिंगपासून एमपीएससीपर्यंत सगळ्यांची एकदम झुंबड असते, तेव्हा एजंट सांगेल ते भाडं. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या होतात. पण जमलं तर खोली पावसात बघा, कारण उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात.

राहायचं कुठे? सगळे सदाशिव पेठ सांगतात.

सगळे सांगतात, कारण सगळ्यांचे दादा-ताई तिथे एमपीएससी करत होते. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड हा पट्टा स्पर्धा परीक्षांचा आहे. अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्स, सगळं पायाखाली. सोय चांगली आहे, पण हवा वेगळी आहे. तिथे दर संध्याकाळी चहावर जाहिरात कधी निघणार, कट-ऑफ किती लागणार, हेच चालतं. सहा महिन्यांत तुम्हालाही आपण एखादा फॉर्म भरून टाकावा असं वाटायला लागतं. मी दोन भरले.

विद्यापीठाच्या आवारात जायचं असेल तर नकाशावर ते मधोमध ठेवा आणि भोवती बघा. औंध, बाणेर, मॉडेल कॉलनी जवळ आहेत, पण आयटीवाल्यांच्या पगारावर तिथली भाडी ठरतात. गोखलेनगर, जनवाडी, वडारवाडीकडे छोट्या खोल्या मिळतात आणि चालत पोचता येतं. खडकी, बोपोडी, जुनी सांगवी, दापोडी इथे भाडं उतरतं. दापोडी आणि कासारवाडीला मेट्रोची स्टेशनं आहेत, तिथून शिवाजीनगरला यायचं आणि पुढे बस.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. विद्यापीठ चौक हा पुण्याचा गळफास आहे. तिथला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तेव्हापासून हिंजवडी मेट्रोचं आणि नव्या दुमजली पुलाचं काम आम्ही रोज बघत आलो. सकाळी साडेनऊला बाणेरहून पाच किलोमीटर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात गावाकडे मी दोन शिवार पालथे घातले असते. म्हणून खोली बघायला गेलात की तिथून केंद्रापर्यंत एकदा गर्दीच्या वेळी जाऊन या. आपण भूगोलवाले, समकालरेषा (एका जागेहून सारख्या वेळात पोचता येणाऱ्या ठिकाणांना जोडणारी रेषा) कागदावर काढतो. स्वतःच्या खोलीची काढायला काय हरकत आहे?

कॉट बेसिस म्हणजे काय?

खोलीतली एक खाट तुमची. भाडं माणशी, बाकी सगळं सामाईक. माझी पहिली कॉट साडेतीन हजारांची होती आणि खोलीत आम्ही चौघी. पहिल्या वर्षाला चालतं. पुढे प्रश्नावल्या, नकाशे, मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या जमायला लागल्या की खाटेखाली मावत नाहीत. टेबल-खुर्ची मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घ्या. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

हॉस्टेल मिळेल का?

अर्ज नक्की करा, भरवसा ठेवू नका. मागणाऱ्यांच्या मानाने जागा कमी आहेत. यादी लागेपर्यंत मित्राच्या खोलीत चोरून राहणाऱ्याला इथे 'पॅरासाइट' म्हणतात. शब्द ऐकून वाईट वाटून घेऊ नका, आज वर्ग घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण एके काळी पॅरासाइट होते. पकडलं तर दंड मात्र ज्या मित्राच्या नावावर खोली आहे त्याला बसतो, हे लक्षात ठेवा.

करार करावाच लागतो का? मालक म्हणतात, तोंडी चालेल.

करावा लागतो. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो तसा करून घेणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. सहसा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करतात. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठा आणि फोटो घेतो. पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत, गॅसला आणि फेलोशिपच्या कागदांत हाच करार उपयोगी पडतो. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद होते, त्याला घाबरायचं कारण नाही.

डिपॉझिट परत मिळवताना भांडण होतं ते रंगाच्या पैशांवरून. राहायला गेल्या दिवशी भिंतींचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. "काका, फक्त नोंद म्हणून" असं गोड बोलून पाठवायचे.

खोलीत पाणी असतं का? पुण्यात तर चार धरणं आहेत.

इथे मी थोडी लांब बोलणार.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात. आमची एकटी उजनी ११७ टीएमसीची आहे, पण तिच्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा (तळाचा, नेहमीच्या वापरात न धरलेला), आणि आमच्याकडे उन्हाळ्यात 'धरण मायनसमध्ये गेलं' ही रोजची बातमी असते. पुण्यात तशी वेळ कमी येते. पण महापालिका पसरत गेली, २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आत आली. नळाची जाळी त्या वेगाने पसरली नाही. कडेच्या भागांत मोठमोठ्या सोसायट्या टँकरवर चालतात आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये, म्हणजे शेवटी तुमच्या भाड्यात येतो. मालकाला 'पाणी आहे का' असं विचारलं तर उत्तर 'आहे' असंच येणार. 'कॉर्पोरेशनचं किती वाजता येतं आणि टँकर आठवड्यातून किती' असं विचारा. दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवतात. बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायची सवय लावून घ्या.

आता उलटी बाजू. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या पाण्याने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. जुने पुणेकर अजून काळ मोजताना 'पानशेतच्या आधी, पानशेतच्या नंतर' म्हणतात. ही झाली इतिहासातली गोष्ट. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा धरणाचा काही संबंध नव्हता. कात्रजच्या डोंगरावर पाऊस पडला आणि अरुंद केलेल्या ओढ्याने वाटेतली घरं, भिंती, गाड्या ओढून नेल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली. तिथे भाड्याने राहणारे विद्यार्थीही होते.

म्हणून खोली पक्की करण्याआधी ती जागा नदीच्या किंवा ओढ्याच्या किती वर आहे ते बघा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाची ती लाल रेषा, हे आपल्याला परीक्षेपुरतं पाठ असतं. स्वतःची खोली त्या रेषांच्या आत येते का, हे बघायचं आपल्याला सुचत नाही. मला तरी सुचलं नव्हतं. औंध-पाषाण-बाणेरकडे रामनदी, सांगवी-बोपोडीकडे मुळा, दक्षिणेला आंबिल ओढा. एजंट 'नाला' म्हणेल, तुम्ही नकाशावर तो कुठून येतो ते शोधा. तळमजला स्वस्त मिळतोय म्हणून भुलू नका. माझ्या मैत्रिणीचं एका प्रकरणाचं सगळं हस्तलिखित गुडघाभर पाण्यात गेलं. सुदैवाने तिने आदल्याच आठवड्यात ते टाइप केलं होतं.

जेवणाचं काय?

मेस लावा. महिन्याचे पैसे आगाऊ देण्याआधी चार दिवस सुटं जेवून बघा. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, ही इथली रीत आहे. रविवारी संध्याकाळी अख्खं विद्यार्थी-पुणे मिसळ, मॅगी किंवा वडापाव यांच्यावर असतं. ज्वारीची भाकरी मिळते, पण आपल्याकडे एका भाकरीचं जेवढं पीठ लागतं त्यात इथे दोन करतात.

महिन्याला किती लागतात आणि येतात कुठून?

जेआरएफ असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढच्या टप्प्यावर एसआरएफ झालं की ४२,०००. शिवाय घरभाडं भत्ता, आणि त्यासाठी पुणे 'एक्स' वर्गात म्हणजे सगळ्यात वरच्या दरात आहे. हॉस्टेलला खोली मिळाली तर हा भत्ता नाही.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी महाज्योती. बार्टी आणि सारथी पुण्यातच आहेत, महाज्योती नागपूरला. घरातली एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप बघा. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरचीही (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप असते. कशातच आपोआप नाव जात नाही. जाहिरात निघाली की आठ दिवसांत कागद तयार हवेत, म्हणून जातपडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास यांच्या प्रती आत्ताच एका फोल्डरमध्ये ठेवा.

आता न आवडणारी गोष्ट. फेलोशिप मंजूर होणं आणि खात्यावर पैसे येणं या दोन वेगळ्या घटना आहेत. माझी पहिली रक्कम यायला सात महिने लागले. कुणाकडे अडकली होती ते सांगत नाही, कारण मलाही प्रत्येक खिडकीवर वेगळंच टेबल दाखवलं गेलं. त्या सात महिन्यांत आईने एक शेळी विकली आणि मी अकरावीच्या शिकवण्या घेतल्या. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून या. तेवढा नसेल तर नोकरी सोडायची घाई करू नका.

म्हणजे नोकरी करत पीएच.डी. करता येते?

येते. २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. फेलोशिपसाठी मात्र पूर्णवेळ असावं लागतं. दोन्ही दगडांवर पाय ठेवून लपवाछपवी केली आणि उघडकीला आली तर उचललेले पैसे परत करावे लागतात. अशी वसुली मी जवळून पाहिली आहे.

किती वर्षं लागतात?

कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. त्यानंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळतात आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. तीन वर्षांत संपवीन म्हणून आलेला आणि खरंच तेवढ्यात संपवलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. बहुतेकांची पाच होतात.

सुरुवातीला कोर्सवर्क असतं, किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा एक भाग असतो. ते उरकायचं म्हणून उरकू नका. संख्याशास्त्राच्या तासाला पुढच्या बाकावर बसा. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती २०२२ मध्ये गेली, पण आपल्या केंद्राला काय हवं ते विचारून घ्या. आणि पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणाऱ्यांचे फोन येतील, ते बंद करा.

भूगोलासाठी पुणेच का? गावाजवळच्या विद्यापीठात काय वाईट आहे?

काहीच वाईट नाही. पण एक फरक आहे. भूगोलाला लागणारी कार्यालयं इथे बसच्या टप्प्यात आहेत.

शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' नावाचा थांबा आहे. पुण्यात शिमला कुठून आलं असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे हललं, त्या इमारतीवरून हे नाव पडलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण हवामानाच्या नोंदींचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच आहे. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत इथून मिळतो. पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था, खडकवासल्याला १९१६ सालची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था. शिवाजीनगरच्या भूजल भवनात राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या असतात, वर्षातून चार वेळा मोजलेल्या. माझ्या प्रबंधाचं निम्मं अंग त्या पातळ्यांवर उभं आहे. मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात धरणांची माहिती, आणि जमाबंदी आयुक्तांचं कार्यालयही पुण्यातच.

इतिहासाकडे झुकणारा विषय असेल तर कौन्सिल हॉलजवळचं पेशवे दफ्तर, सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि येरवड्याचं डेक्कन कॉलेज. लोकसंख्या, शेती, अर्थकारण यांसाठी गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. तिथले जुने अहवाल चाळायला लागलात की जेवायची वेळ टळते.

सरकारी कार्यालयात माहिती मागायला जाताना विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र न्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. साहेब मीटिंगमध्ये असतात. बाहेरच्या टेबलावरच्या काका-मावशींशी नीट बोला, फाइल कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाच माहीत असतं. तिसऱ्या खेपेलाही मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण तो पहिल्याच खेपेला काढू नका.

टोपोशीट (चढउतार, नद्या, रस्ते दाखवणारे सरकारी नकाशे) कुठे मिळतात?

सर्व्हे ऑफ इंडियाचं कार्यालय आळंदी रोडला फुलेनगरला आहे. ओपन सिरीजच्या बऱ्याच शीट आता ऑनलाइनही उतरवून घेता येतात. एक गंमत आधीच सांगते. पुणे शहर एका शीटवर मावत नाही. १८ अंश ३० मिनिटांची रेषा स्वारगेट-पर्वतीच्या आसपासून जाते. तिच्या उत्तरेचं पुणे ४७ एफ/१४ वर, दक्षिणेचं कात्रज-खडकवासला ४७ एफ/१५ वर. लोणी काळभोरच्या आसपास ७४ अंश ओलांडले की ४७ जे सुरू. पहिल्या प्रेझेंटेशनला मी एकच शीट लावून उभी राहिले आणि खडकवासला कुठे आहे असा प्रश्न आला. नकाशात नव्हतंच.

फिल्डवर्क गावाकडे करू की पुण्याजवळ?

पुणे जिल्हा पावसाच्या दृष्टीने अजब आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शिवाजीनगरला सातशेच्या थोडा वर, आणि दौंड-शिरूरकडे त्याहून कमी. साठ-सत्तर किलोमीटरमध्ये भात, ज्वारी आणि टँकर तिन्ही दिसतात. भूरूपशास्त्रवाल्यांना दख्खनचा बेसॉल्ट पायाखाली आहे, कुकडीच्या पात्रात निघोजचे रांजणखळगे (पाण्याने खडकात कोरलेले खड्डे) आहेत, आणि ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलेलं माळीण याच जिल्ह्यातलं. नागरी भूगोलाला तर महापालिकेत आलेलं कुठलंही गाव घ्या.

तरी मी उजनीकाठच घेतला. तिथे विहिरीवर गेलं की 'कुणाची गं तू' असं विचारतात आणि पुढची माहिती न मागता मिळते. याचा तोटा असा की भावकीतले लोक तुम्हाला ऐकायला आवडेल तेच सांगतात. आमच्या चुलत्यांनी उसाचं क्षेत्र मला दोन एकर सांगितलं आणि सातबाऱ्यावर पाच निघालं. सातबारा आणि उपग्रहाचं चित्र दोन्ही हाताशी ठेवून मगच मुलाखतीला बसा. गावपातळीवरच्या जनगणनेसाठी अजून २०११ चेच आकडे वापरावे लागतात, त्यांचं वय विसरू नका.

फिरायला एसटीच. मुलींना आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझा प्रवासखर्च खरोखर निम्मा झाला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे धावली. आजही शिरूरच्या पुढे काही गावांना दिवसातून दोनच फेऱ्या आहेत. परतीची वेळ कंडक्टरला विचारूनच उतरा. शिवाजीनगरच्या गाड्या आता वाकडेवाडीहून सुटतात, जुन्या जागी जाऊन उभे राहू नका.

लॅपटॉप कोणता घेऊ?

रॅम जास्त बघा, रंग नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. सेंटिनेल आणि लँडसॅट या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. चोरीचं सॉफ्टवेअर घालून देणारा दुकानदार भेटेल, पण शोधनिबंधात त्याचं नाव लिहायची वेळ येते तेव्हा घाम फुटतो.

माझं इंग्रजी कच्चं आहे.

माझंही होतं. वाचन इंग्रजीत करावंच लागतं, सुटका नाही. मी रोज एका निबंधाचा सारांश आधी मराठीत लिहायचे आणि मग इंग्रजीत. मराठीत लिहिताना अडखळले तर समजायचं की निबंध कळलेलाच नाही. सेमिनारमध्ये कोण हसेल याची भीती पहिले तीन महिने असते. नंतर कळतं की हसणाऱ्यालाही फ्लुव्हियलचं (नदीसंबंधीचं) स्पेलिंग बघून लिहावं लागतं.

लग्न झालंय, मूल लहान आहे. येऊ का?

या, पण घरच्यांशी तोंडी नको, महिन्यांच्या हिशेबात बोला. कोर्सवर्कचे महिने पुण्यात, फिल्डवर्कचे गावाकडे, लिखाणाचे अर्धे-अर्धे असं आमच्यातल्या एकीने सासूबाईंना वहीत आखून दाखवलं होतं. 'पाच वर्षं' ऐकून ज्या नाही म्हणाल्या असत्या त्याच 'पहिले आठ महिने' ऐकून मूल सांभाळायला तयार झाल्या.

पुणेरी लोक खरंच तसे असतात का?

पाट्या वाचा आणि त्याप्रमाणे वागा, काही त्रास होत नाही. माझ्या घरमालकीणबाई, काकू म्हणते मी त्यांना, पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पाणी जपून वापर." मी म्हटलं, काकू, तुम्ही सोडलेलंच आम्ही पितो. त्या दिवसापासून आमचं बरं जमतं.

तुम्हाला भेटता येईल का?

येईल. शनिवारी सकाळी साडेसहाला मी वेताळ टेकडीवर असते, गोखलेनगरच्या बाजूने चढा. वरून शहर कुठवर पसरलंय ते दिसतं आणि खोली कुठे बघायची ते बोट दाखवून सांगता येतं. जोराचा पाऊस असेल तर येऊ नका, दगड निसरडे होतात. सोलापुरी शेंगाचटणी आणलीत तर गाइडबद्दलच्या प्रश्नांची जास्त खरी उत्तरं मिळतील.